हयातीचे दोन दाखले

कार्तिक सरत आला आणि सकाळच्या थंडीला थोडी धार चढली, की आमची आत्या ठेवणीतले नऊवारी लुगडे नेसून पहिल्या मोटारीने तालुक्याच्या गावी जात असे आणि आपण अद्याप जिवंत आहोत हे सहीशिक्क्यानिशी सिद्ध करून दिवेलागणीच्या आत परत येत असे. तीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकविल्यानंतर जी पुंजी तिच्या हाती आली, तिचा बहुतेक सगळा भाग तिने एका विमाकंपनीच्या वर्षासनात घातला होता. त्या बदल्यात दरमहा ठरलेली रक्कम तिला मरेपर्यंत मिळावयाची होती, आणि रक्कम मिळत राहावी म्हणून वर्षातून एकदा हयातीचा दाखला पाठवावा लागत असे. कागद अगदी साधा: वर नाव, खाली वर्षासनाचा क्रमांक, मध्ये ‘सदर व्यक्ती आज रोजी माझ्यासमक्ष हजर असून हयात आहे’ अशा अर्थाचे एक वाक्य, आणि तळाशी अधिकाऱ्याची सही व जांभळ्या शाईचा गोल शिक्का. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत आत्या तो कागद दोन बोटांत उन्हात धरून उभी राही. एका वर्षी परत आल्यावर पायांवर पाणी घेता घेता ती म्हणाली, “माझ्या जिवंतपणाची खातरजमा ते दरसाल करून घेतात, त्यांच्या जिवंतपणाची खातरजमा मी कुणाकडून करून घ्यायची रे?”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचनाच्या ओघात ध्यानात आले, की आत्याने अंगणात उभ्या उभ्या जो प्रश्न विचारला, त्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मानवजातीने कित्येक शतके खर्च केली आहेत, आणि त्या शोधात अनेक घरांची आयुष्याची पुंजी बुडाली आहे. वर्षासन घेणारा आज पैसे मोजतो आणि देणारा पुढल्या तीस-चाळीस वर्षांचे वचन देतो. या व्यवहारात घेणाऱ्याची हयात जितकी महत्त्वाची, तितकीच देणाऱ्याचीही. पहिल्या हयातीचा दाखला मागण्याची रीत फार जुनी आहे. दुसरीचा दाखला मागण्याची रीत कशी निर्माण झाली, तिचा हा वृत्तांत आहे.

वर्षासन हा शब्द विमाकंपन्यांनी आपल्या भाषेत आणलेला नाही. वर्ष आणि अशन, म्हणजे वर्षाचे अन्न, असे त्याचे मूळ असून, वैदिकाला, शास्त्र्याला, देवस्थानाला किंवा निराधार कुटुंबाला सरकारातून दरसाल मिळणारी नेमणूक या अर्थाने तो आपल्या दफ्तरांत जागोजाग आढळतो. अफजलखानाच्या प्रसंगी जे लोक कामास आले, त्यांच्या मुलांना चाकरीत घ्यावे आणि ज्यांना मुले नव्हती त्यांच्या बायकांस अर्धे वेतन द्यावे, अशी व्यवस्था शिवाजीमहाराजांनी केल्याचे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नमूद केले आहे. आणि लढाईत पडलेल्यांच्या मुलांच्या पोषणासाठी जी तरतूद होई, तिला पुढे बालपरवेशी हे वत्सल नाव मिळाले. या नेमणुकांमागची माया खरी होती; परंतु त्यांच्यासाठी वेगळी थैली काढून ठेवलेली नसे. त्या वर्षीचा वसूल आला तर त्यातून त्या वर्षीची नेमणूक पोचे, आणि गादीवरचा धनी बदलला की जुनी सनद नव्या धन्यापुढे ठेवून तिचे नूतनीकरण करून घेण्यासाठी वर्षासनदारास हुजुरात खेटे घालावे लागत. वचनाचे आयुष्य हे वचन देणाऱ्या सत्तेच्या आयुष्याएवढेच होते.

मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठे वर्षासन ज्याला मिळाले, त्याच्या कथेत या व्यवहाराचे दोन्ही धोके एकत्र पाहावयास सापडतात. ३ जून १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन होताना आठ लाख रुपयांचे सालीना वेतन पदरात पाडून घेतले. हा आकडा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यास अवाजवी वाटला. पण माल्कमने शब्द देऊन टाकला होता. बाजीराव त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचा होता, आणि त्याच्या आधीच्या पेशव्यांपैकी थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी, नारायणराव ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर आणि सवाई माधवराव एकविसाव्या वर्षी गेले होते. बाजीराव मात्र ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरास, २८ जानेवारी १८५१ पर्यंत जगला, आणि साडेबत्तीस वर्षांत कंपनी सरकारला अडीच कोटींहून अधिक रुपये मोजावे लागले. हा झाला पहिला धोका: माणूस अपेक्षेपलीकडे जगतो. दुसरा धोका नानासाहेबांच्या वाट्यास आला. बाजीरावाच्या या दत्तक पुत्राने वेतन पुढे चालविण्याची मागणी केली, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने ती नाकारली. आपला वकील अजीमुल्लाखान याला लंडनपर्यंत पाठवूनही निर्णय फिरला नाही. ते वेतन केवळ बाजीरावाच्या हयातीपुरते होते की कुटुंबासाठीही होते, याचा निर्णय देणाऱ्याच्याच मुखत्यारीत होता. कारण त्या देण्यापोटी घेणाऱ्याच्या हक्काची अशी एक कवडीही कोठे बाजूला ठेवलेली नव्हती.

जीवनविमा आणि वर्षासन हे एकाच दुकानात मिळणारे जिन्नस असले, तरी त्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. जीवनविमा देणाऱ्या कंपनीला विमेदार लवकर मरण्याचे भय असते. वर्षासन देणाऱ्या कंपनीला तो दीर्घकाळ जगण्याचे. म्हणून वर्षासनाची किंमत ठरविण्यासाठी माणूस किती जगतो, हे आधी कळावयास हवे. रोमन लोकांना हा प्रश्न वारसाहक्काच्या कज्ज्यांतून पडला: मृत्युपत्राने एखाद्यास तहहयात वेतन लिहून दिले असेल, तर त्याचे आजचे मोल किती धरावे? तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा न्यायशास्त्रज्ञ अल्पियन याच्या नावावर जे कोष्टक आहे, त्यात वीस वर्षांखालच्या माणसाला तीस वर्षांचे वेतन धरावे आणि साठीपुढच्याला पाच वर्षांचे, असे वयाप्रमाणे उतरते मान दिलेले आहे. वयाबरोबर किंमत उतरली पाहिजे, ही गोष्ट रोमन न्यायाधीशाला ठाऊक होती. आश्चर्य हे, की पुढे हजार-बाराशे वर्षांनी युरोपातील नगरे वर्षासने विकून तटबंदीचा आणि लढायांचा खर्च भागवू लागली, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांनी पाळण्यातल्या बालकाला आणि काठी टेकणाऱ्या वृद्धाला एकच भाव लावला.

हा भाव चुकीचा आहे, हे गणिताने प्रथम दाखविण्याचा मान हॉलंडचा प्रधान योहान डी विट याच्याकडे जातो. जुलै १६७१ मध्ये, फ्रान्सशी युद्ध डोळ्यांसमोर दिसत असता, त्याने आपल्या सरकारला एक टिपण सादर केले. हॉलंडमध्ये तेव्हा सालीना एका फ्लोरिनचे तहहयात वर्षासन चौदा फ्लोरिनांना विकले जात असे. डी विटने निरनिराळ्या वयांत मरण्याचे संभव मांडून आणि व्याजाचा दर चार टक्के धरून सिद्ध केले, की त्याचे खरे मोल सोळांहून कमी नाही. म्हणजे प्रत्येक विक्रीत राज्य आपली गंगाजळी थोडी थोडी उपशीत आहे. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १६७२ मध्ये, हेग शहरात संतप्त जमावाने त्याची हत्या केली, आणि ते टिपण दीर्घकाळ विस्मृतीत पडून राहिले.

त्या टिपणानंतर बावीस वर्षांनी एडमंड हॅले, ज्याच्या नावाचा धूमकेतू आपण ओळखतो तोच, या प्रश्नाकडे वळला. ब्रेस्लाव या नगरातील कास्पार नॉयमान नावाच्या धर्मोपदेशकाने १६८७ ते १६९१ या वर्षांतील जन्ममृत्यूंची नोंद वयवारीने ठेवली होती. तिच्यावरून हॅलेने १६९३ साली आयुर्मानाचे कोष्टक बांधले. एक वर्षाची एक हजार बालके घेतली, तर विसाव्या वर्षी ५९८, चाळिसाव्या वर्षी ४४५, साठाव्या वर्षी २४२ आणि सत्तराव्या वर्षी १४२ जण उरतात, असे ते कोष्टक सांगते. चाळिशी गाठलेल्या तिघांपैकी सुमारे एक जण सत्तरीपर्यंत पोचतो, हे त्यातून उघड होते. आणि बाजीराव त्या तिसऱ्या माणसांपैकी होता. हॅलेने याच कोष्टकावरून, सहा टक्के व्याज धरून, वर्षासनाच्या किमती काढल्या: दहा वर्षांच्या मुलासाठी सालीना रकमेच्या साडेतेरापट, चाळिशीच्या माणसासाठी साडेदहापट, साठीच्या माणसासाठी ७.६० पट. इंग्लंडचे सरकार मात्र त्याच सुमारास कोणत्याही वयाच्या माणसाला शंभर पौंडांवर चौदा पौंडांचे वर्षासन, म्हणजे अवघ्या सातपट किमतीत, विकीत होते.

हॅलेचेच आकडे घेऊन येथे एक लहानसे उदाहरण करून पाहू, कारण पुढल्या सर्व कायद्यांचे बीज त्यात आहे. साठ वर्षांच्या शंभर माणसांनी सालीना हजार रुपयांचे वर्षासन प्रत्येकी ७,६०० रुपये भरून घेतले, तर कंपनीच्या तिजोरीत पहिल्या दिवशी ७,६०,००० रुपये जमा होतील. इतका पैसा एकदम पाहून भल्या माणसाचीही दृष्टी फिरावी, कारण पहिल्या वर्षी त्यातून जावयाचे असते ते जेमतेम लाखभर. दहा वर्षांनी त्या शंभरांपैकी एकोणसाठ हयात असतील. आणि सत्तरीच्या माणसाच्या वर्षासनाचे मोल हॅलेच्या हिशेबाने ५.३२ पट असल्यामुळे, त्या दिवशी तिजोरीत जवळजवळ ३,१४,००० रुपये शिल्लक असलेच पाहिजेत. मध्यंतरी चालकांनी नफा म्हणून लाखभर रुपये काढून घेतले असतील, तर ती कंपनी त्या दिवशी मेलेली आहे. पण घेणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, कारण दरमहा रक्कम वेळेवर येतच राहते, आणि नव्या गिऱ्हाइकांचे पैसे जुन्यांना देऊन ती आणखी कित्येक वर्षे येत राहू शकते. विमाकंपनीचे मरण असे गुपचूप होते, आणि म्हणून तिच्या हयातीचा दाखला बाहेरच्या कोणीतरी मागावा लागतो.

सरकारे या गणिताकडे डोळेझाक करू लागली, तेव्हा चतुर सावकारांनी त्याचा लाभ उठविला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सचा राजा वयाची चौकशी न करता दहा टक्क्यांच्या आसपास दराने वर्षासने विकीत होता. वर्षासन ज्याच्या हयातीवर अवलंबून ठेवावयाचे, ती व्यक्ती खरेदीदाराने निवडावी, अशी त्यात मुभा होती. जिनीव्हाच्या पेढीवाल्यांनी सुखवस्तू घराण्यांतील, देवीच्या रोगाचे भय मागे टाकलेल्या, निरोगी अशा तीस लहान मुली वैद्यांच्या सल्ल्याने निवडल्या, त्यांच्या आयुष्यांवर राजाकडून वर्षासने घेतली, आणि तीसही जणींच्या उत्पन्नाची मोट बांधून तिचे हिस्से लोकांना विकले. त्या मुलींचे दुखणे-खुपणे ही साऱ्या नगराच्या काळजीची गोष्ट होऊन बसली. एखादीला ताप भरला, तर तो किती जणांच्या चुलीपर्यंत पोचत असे याची कल्पना करावी. मुली जगल्या, राजाच्या खजिन्याने केलेल्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक जगल्या. पण तोवर राज्यक्रांती झाली, देणी कागदी चलनात फेडली जाऊ लागली, त्या चलनाची किंमत कचऱ्याएवढी झाली, आणि १७९७ साली फ्रान्सच्या नव्या सरकारने आपल्या कर्जाचे दोनतृतीयांश देणे बुडविले. जिनीव्हातील अनेक कुटुंबे धुळीस मिळाली. घेणाऱ्याच्या हयातीची इतकी काळजी इतिहासात क्वचितच कोणी घेतली असेल. देणाऱ्याच्या हयातीची चौकशी मात्र कोणी केली नव्हती.

खासगी मंडळ्यांची स्थिती याहून बरी नव्हती. लंडनमधील कापडव्यापाऱ्यांची जुनी श्रेणी, मर्सर्स कंपनी, हिने सतराव्या शतकाच्या अखेरीस धर्मोपदेशकांच्या व इतरांच्या विधवांसाठी एक योजना काढली: पतीने शंभर पौंड भरावे, आणि त्याच्या पश्चात विधवेला सालीना तीस पौंड तहहयात मिळावे. हेतू उदार होता, परंतु आकडा कोणत्याही कोष्टकावर आधारलेला नव्हता. पुढे तो टप्प्याटप्प्याने उतरवीत नेला, तरी १७४५ साली कंपनीला हात वर करावे लागले, आणि अखेर पार्लमेंटच्या मदतीने ती सावरली. याच सुमारास स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोघा धर्मोपदेशकांनी गणिती कॉलिन मॅक्लॉरिन याचे साहाय्य घेऊन निराळा मार्ग धरला. दरसाल किती उपदेशक मरतात, किती विधवा मागे राहतात आणि त्या किती वर्षे जगतात, याची माहिती त्यांनी गावोगावच्या धर्मपीठांकडून मागविली. वर्गणी व वर्षासन यांचे चार वर्ग पाडले. आणि जमा होणाऱ्या निधीची वाढ पुढल्या कित्येक वर्षांसाठी आधीच मांडून ठेवली. १७४४ साली कायद्याने स्थापन झालेला तो विधवानिधी त्यांच्या अंदाजाच्या अगदी जवळून चालत राहिला. मर्सर्स आणि स्कॉटलंड या दोहोंतही विधवांविषयीची करुणा सारखीच होती. एकीकडे करुणेला हिशेबाची जोड होती आणि दुसरीकडे नव्हती, एवढ्या फरकाने कित्येक विधवांचे वार्धक्य घडले किंवा मोडले.

स्कॉटलंडचे अनुकरण होण्याऐवजी लंडनमध्ये मर्सर्सचेच अनुकरण अधिक झाले. १७६० नंतर तेथे विधवांना वर्षासने देणाऱ्या मंडळ्यांचे पीक आले. डॉ. रिचर्ड प्राइस या तत्त्वचिंतक धर्मोपदेशकाने १७७१ साली ग्रंथ लिहून त्यांचे अंतरंग उघड केले. त्याचा मुद्दा साधा होता: अशा मंडळीला पहिल्या वर्षांत वर्गणीदार पुष्कळ आणि विधवा थोड्या असतात, म्हणून ती भरभराटीस आल्याचा भास होतो, खरी देणी वीस-तीस वर्षांनी येतात, आणि तेव्हा तिजोरीत काही नसते. या ग्रंथामुळे अनेक मंडळ्यांनी आपले दर बदलले, काहींनी गाशा गुंडाळला.

परंतु ज्ञानाचाही उपयोग जपून करावा लागतो. प्राइसनेच तयार केलेल्या नॉर्थॅम्प्टनच्या कोष्टकात मृत्यूचे प्रमाण वास्तवाहून अधिक धरले गेले होते. जीवनविमा कंपन्यांनी ते वापरले आणि त्यांची भरभराट झाली, कारण त्यांचे विमेदार कोष्टकापेक्षा अधिक जगून अधिक हप्ते भरीत राहिले. १८०८ साली ब्रिटिश सरकारने त्याच कोष्टकावरून वर्षासने विकावयास काढली आणि त्याच कारणाने सरकारचे मोठे नुकसान झाले. जॉन फिनलेसन याने प्रत्यक्ष वर्षासनदारांच्या नोंदी तपासून हे दाखवून दिले. अखेर १८२८ साली ती विक्री थांबवावी लागली, आणि पुढल्या वर्षी फिनलेसनने स्त्रिया व पुरुष यांची वेगवेगळी कोष्टके प्रसिद्ध केली. वर्षासन घेणारा माणूस सामान्य जनांपेक्षा दीर्घायुषी असतो, कारण ज्याला आपल्या प्रकृतीचा भरवसा असतो तोच वर्षासन घेतो, आणि स्त्रिया त्यातही पुढे असतात; म्हणून वर्षासनदारांची गणना स्वतंत्र कोष्टकानेच झाली पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

गणित परिपक्व झाले, तरी अप्रामाणिकपणाला गणित आवर घालू शकत नाही. त्याला कायदा लागतो. १८३० नंतरच्या दशकात लंडनच्या ‘इंडिपेंडंट अँड वेस्ट मिडलसेक्स’ या कंपनीने भव्य कचेऱ्या थाटून, तिशीच्या माणसाला आठ टक्क्यांचे वर्षासन देऊ केले आणि जीवनविम्याचे हप्तेही इतरांहून कमी ठेवले. दोन्ही एकत्र घेणाऱ्याला मुद्दल शाबूत राहून सरकारी रोख्यांहून कितीतरी अधिक उत्पन्न मिळावे, असा तो अशक्य हिशेब होता. ग्लासगोचा संपादक पीटर मॅकेंझी याने आपल्या पत्रातून तिचा भांडाफोड केला, आणि १८४० च्या सुमारास चालक परागंदा झाले, तेव्हा तिजोरी रिकामी होती. बुडालेल्यांत घरकाम करून पै-पै साठविलेले नोकर होते आणि म्हातारपणाची सोय करून बसलेल्या विधवाही होत्या. तरीही स्वतंत्र विमाकायदा होण्यास आणखी एका मोठ्या पडझडीची वाट पाहावी लागली. ऑगस्ट १८६९ मध्ये, अनेक लहान कंपन्या गिळून फुगलेली अल्बर्ट लाइफ अ‍ॅशुरन्स कंपनी कोसळली, आणि तिच्यामागोमाग युरोपियन अ‍ॅशुरन्स सोसायटी गेली.

१८७० च्या ब्रिटिश कायद्याने दुसऱ्या हयातीच्या दाखल्याचा पहिला नमुना घालून दिला. आयुर्विमा किंवा वर्षासन यांचा धंदा नव्याने सुरू करणाऱ्या कंपनीने वीस हजार पौंड न्यायालयात अनामत ठेवावेत, आणि विम्याचा निधी चाळीस हजारांवर गेला की ते परत घ्यावेत; विमेदार व वर्षासनदार यांचा निधी कंपनीच्या इतर धंद्यांपासून अलग ठेवावा आणि तो त्यांचेच तारण मानावा; जमाखर्च व ताळेबंद ठरावीक नमुन्यात सरकारास सादर करावा; आणि नियत काळाने विमागणितीकडून एकूण देण्यांचे मूल्यांकन करून घेऊन ते प्रसिद्ध करावे. कंपनीने किती दर लावावा, पैसा कोठे गुंतवावा, याविषयी त्या कायद्याने फारसे बंधन घातले नाही. कारभार उघडा असला म्हणजे लोक आपले हित पाहतील, अशी त्याची श्रद्धा होती.

त्या पडझडीचे हादरे मुंबईपर्यंत पोचले, कारण बुडालेल्या विलायती कंपन्यांचे विमेदार हिंदुस्थानातही होते. आणि विलायती कंपन्या एतद्देशीयांचे आयुष्य जोखमीचे समजून त्यांच्याकडून जादा हप्ता घेत, हे शल्य वेगळेच. १८७० साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने देशी माणसाचा विमा नेहमीच्या दराने उतरविण्यास आरंभ केला. १८७४ साली मुंबईतच निघालेल्या दुसऱ्या कंपनीने तर ‘ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी’ असे नावच धारण केले: निधी सरकारी रोख्यांत राहील, हे आश्वासन तिने पाटीवर लिहून टाकले. कायद्याने मागण्यापूर्वी दिलेला तो हयातीचा दाखलाच होता, आणि या देशातील अग्रगण्य कंपन्यांत तिची गणना झाली, यात त्या पाटीचा वाटा थोडा नसावा.

१९०५ च्या स्वदेशीच्या लाटेत विमाकंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या गावोगाव निघाल्या. त्यांपैकी पुष्कळशा सोसायट्या जमलेली वर्गणी त्या त्या वर्षीच्या हक्कदारांत वाटून टाकीत. म्हणजे लंडनच्या मंडळ्यांची दीडशे वर्षांपूर्वीची चूक येथे नव्याने घडत होती. १९१२ साली आयुर्विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या यांच्यासाठी दोन स्वतंत्र कायदे झाले. सरकारी रोख्यांची अनामत आणि विमागणितीचे नियतकालिक मूल्यांकन या गोष्टी येथेही आवश्यक ठरल्या. पुढल्याच वर्षी अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी स्थापन केली, आणि जिल्ह्याच्या गावीही ही शिस्त पाळून विम्याचा धंदा करता येतो, हे दाखविले. १९३८ च्या विमाकायद्याने पुढचे पाऊल टाकले: आयुर्विम्यासाठी दोन लाखांची अनामत, वर्गणी वाटून टाकण्याच्या पद्धतीला पुरती मनाई, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, देण्यांच्या पंचावन्न टक्क्यांएवढी रक्कम सरकारी व मान्यताप्राप्त रोख्यांतच गुंतविण्याची सक्ती. ब्रिटिश कायदा कारभार उघडा ठेवा एवढेच म्हणत होता. हिंदुस्थानच्या कायद्याने तिजोरीत काय असावे, हेही सांगितले.

तथापि कायद्याच्या फटीतून विमेदारांचा पैसा चालकांच्या इतर धंद्यांकडे वळविला जातच राहिला. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी नभोवाणीवरून आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतल्याचे घोषित केले. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या या पुरुषाने एका वटहुकुमाने २४५ संस्थांचे व्यवस्थापन एकत्र आणले. १ सप्टेंबर १९५६ रोजी पाच कोटींच्या सरकारी भांडवलावर आयुर्विमा महामंडळ उभे राहिले, आणि त्याच्या देण्यांना केंद्र सरकारची हमी मिळाली. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा द्वार उघडले, ते मात्र मागील दोन शतकांचे धडे उंबरठ्यावर मांडूनच: किमान शंभर कोटींचे वसूल भागभांडवल, नियुक्त विमागणितीची स्वाक्षरी, आणि सर्व देणी भागवून वर उरावयाचा जो वाढावा कायद्याच्या हिशेबाने आवश्यक ठरतो, त्याच्या दीडपट मत्ता सदैव हाती. वर्षासनदारांची आयुर्मर्यादा मोजण्यासाठी भारतीय अनुभवावर आधारलेली स्वतंत्र कोष्टकेही आता वापरात आहेत. फिनलेसनचा धडा येथे रुजला आहे.

या दीडपट वाढाव्याचा अर्थ आत्याला समजावून सांगावयाचा असता, तर मी तिला तिच्याच देवघरातली गंगाजळी दाखविली असती. काशीहून आणलेले ते तांब्याचे लहानसे भांडे, तोंड झाळून बंद केलेले. घरात कितीही कडक उन्हाळा आला, आडाचे पाणी तळाला गेले, तरी तहान भागविण्यासाठी त्याला कोणी हात लावीत नसे, कारण त्यातले पाणी एका विशिष्ट घटकेसाठी आणि एका विशिष्ट माणसासाठी राखलेले होते. आपल्या भाषेने राखीव निधीला हाच शब्द दिला, त्यात फार मोठे शहाणपण आहे. फरक एवढाच, की घरच्या गंगाजळीचे तोंड एकदा झाळले की काम संपते; कंपनीच्या गंगाजळीत किती उरले आहे, हे दरसाल मोजावे लागते. वर्षासनदार अधिकाधिक जगू लागतात, व्याजाचे दर खाली येतात, आणि काल पुरेसे वाटलेले पाणी आज अपुरे ठरते. म्हणून भांडे उघडून मोजणारा विमागणिती, मोजलेले लिहून घेणारा नियंत्रक आणि लिहिलेले वाचणारा जागरूक नागरिक, या तिघांनीही आपले काम दरसाल केले पाहिजे.

आत्या एक्याऐंशी वर्षे जगली. तिचे अखेरचे वर्षासन तिच्या मृत्यूच्या महिन्यापर्यंत बिनचूक आले. तिच्या पोथीत घडी घालून ठेवलेल्या हयातीच्या दाखल्यांच्या नकला मला पुढे सापडल्या. जुन्या कागदांवरचा शिक्का फिकट झाला होता, शेवटच्या कागदावर तिच्या सहीऐवजी अंगठा होता. प्रत्येक नकलेला टाचणीने एकेक पान जोडलेले होते. त्या कंपनीचा वार्षिक अहवाल गावच्या ग्रंथालयात येत असे. त्यातला ताळेबंद आणि विमागणितीचे प्रमाणपत्र आत्याने दरसाल स्वतःच्या हाताने उतरून काढले होते, आणि हात चालेना तेव्हा शेजारच्या मुलीकडून उतरवून घेतले होते. अंगणात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिने माझ्या आधीच शोधले होते. दोन्ही दाखले ती एकाच टाचणीत ठेवीत आली होती.